आमच्या तलावातला कटला का खुरटला?

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात कथा, कविता, सहलीची वर्णने आणि संतवाङ्मयावरचा एखादा अभ्यासपूर्ण लेख यांची वाचकांना सवय आहे. माशांची वाढ, त्यांचे प्रजनन आणि त्यांची आनुवंशिकता हा विषय त्या पंक्तीत सहजासहजी बसणारा नाही. शिवाय मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध अकरावीला प्रवेश घेताना जो सुटला, तो सुटलाच. तरीही हा लेख लिहायला बसलो, कारण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर माझ्या विषयाच्या पुस्तकांत सापडेना.

आम्ही भोई. दिग्रस तालुक्यातील एका लहानशा सिंचन तलावावर आमच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका आहे. दरवर्षी पावसाळ्यात संस्था वर्गणी काढून, कधी उसनवारी करून, मत्स्यबीज विकत आणते, तलावात सोडते आणि पुढे त्यावर साठ-सत्तर घरांची चूल पेटते. गेल्या मार्च महिन्यात पाणी उतरले तेव्हा ओढजाळे टाकले. जाळे काठाला लागले आणि काका मासळी न उचलता तसेच बसून राहिले. दोन पावसाळे पाण्यात काढलेला कटला हाताच्या पंजाहून थोडा मोठा होता. काका म्हणाले, "पाणी तेच, तलाव तोच, मेहनत दुप्पट. मंग मासा काहून वाढत नाही?"

संस्थेच्या बैठकीत या प्रश्नाला जितकी तोंडे तितकी उत्तरे मिळाली. कोणी म्हणाले तलाव गाळाने भरला, कोणी म्हणाले बीज दाट पडले, कोणी म्हणाले ज्याच्याकडून बीज आणले त्याने फसवले. शेवटी एका जुन्या सभासदाने असे सुचवले की, दरवर्षी परक्याचे बीज आणण्यापेक्षा आपल्याच तलावातील चार माद्या आणि आठ नर धरून आपले बीज आपणच तयार करावे. सर्वांनी माना डोलावल्या. मला हिशेब ठेवायला बसवले होते, त्यामुळे खर्चाचा अंदाज काढण्याचे काम माझ्याकडे आले. तो काढता काढता एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दिलेली पुस्तके वाचत गेलो, आणि बैठकीतील प्रत्येक उत्तरात थोडे थोडे तथ्य आहे, पण सुचवलेल्या उपायात मोठा धोका आहे, असे माझ्या लक्षात आले. तेच येथे मांडतो.

आधी वाढीचा विचार करू. गाय किंवा माणूस ठरावीक वयानंतर वाढायचा थांबतो; मासा तसा थांबत नाही. अन्न, जागा आणि ऊब मिळत राहिली तर तो आयुष्यभर थोडाथोडा वाढतच असतो. आणि या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर मरत नाही, नुसता खुरटून राहतो. म्हणूनच माशाच्या वयाचा आणि वजनाचा मेळ गुराढोरांसारखा बसत नाही. एकाच दिवशी अंड्यातून निघालेल्या दोन भावंडांपैकी एक किलोभर आणि दुसरे शंभर ग्रॅमचे, असे सहज घडू शकते. त्यातून फसवणूक अशी की, वजन हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी निम्मी भरली की वजन निम्मे नव्हे, सुमारे आठव्या हिश्श्याइतके भरते. काठावरून पाहणाऱ्याला मासा "जरासा लहान" वाटतो. काट्यावर ठेवला की घर बसते.

आपल्या तलावांत प्रामुख्याने तीन जाती सोडतात: कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळातील कुजके सेंद्रिय पदार्थ उकरतो. कपाशीत तुरीची ओळ धरणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. एकाच्या मुळाशी दुसऱ्याचे भांडण नाही एवढेच पाहायचे. पुढे त्यांच्या जोडीला बाहेरून आलेले तीन मासे बसवण्यात आले: चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस. गवत्या पाणवनस्पती खातो, त्याची कोणाला अडचण नाही. चंदेरा मात्र कटल्याच्याच थरात राहतो आणि अन्नावर दोघांची काहीशी ओढाताण होते. तेव्हा सहा जाती सोडल्या म्हणजे उत्पन्न आपोआप दुप्पट होईल, हा समज भाबडा आहे.

आमच्या तलावाचे पाणी वर्षातले बरेच महिने गढूळ असते. काळ्या रानातली माती ओढ्यांनी येते, ऊन खाली पोचत नाही, आणि ऊन पोचल्याशिवाय पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढत नाही. तिच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी मग कोठून येणार? म्हणजे गाळाला दोष देणारा सभासद चुकीचा नव्हता. दाट बीज पडल्याची तक्रारही खरीच. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा तेवढ्याच माशांना चतुर्थांश जागेत राहावे लागते.

पण एवढ्याने प्रश्न सुटला नाही. कारण त्याच जाळ्यात, त्याच पाण्यातला, ज्याच्या अंगी जातिवंतपणा दिसत होता असा एखादा कटला दीड किलोचाही निघाला. पाणी सर्वांना सारखेच होते.

जाळ्यात आणखी दोन चमत्कारिक गोष्टी होत्या. वीतभर लांबीचे सायप्रिनस अंड्यांनी फुगलेले होते. आणि काही मासे असे की, डोके कटल्याहून बारीक, ओठ रोहूसारखे झालरीचे. काकांच्या शब्दांत "ना धड कटला, ना धड रोहू". या दोन्हींचा उलगडा प्रजननाच्या शास्त्रात आहे.

कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, जून-जुलैत ती पक्व होतात. पण ती सोडण्यासाठी तिला पूर हवा असतो. नवे, गढूळ, वाहते पाणी, काठावरची बुडालेली गवताळ जमीन, पावसाची झड, हे सर्व जुळून आले की नर-माद्या उथळ पाण्यात येतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी भरतात, पण शेवटचा इशारा मिळत नाही आणि काही आठवड्यांनी ती शरीरातच जिरून जातात. मोठ्या जलाशयाला वरून नदीचा पूर मिळाला तर तेथे क्वचित प्रजनन होते. आमच्या तलावात नाही. म्हणूनच दरवर्षी बीज विकत आणण्याची पाळी येते.

पूर्वी हे बीज नदीतूनच येई. बंगालमध्ये पुराच्या दिवसांत बारीक जाळी लावून नदीतली अंडी आणि पिले गोळा करीत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत. वाटेत माणसाला हंडीतले पाणी हाताने हलवत बसावे लागे. त्या बिजात रोहूबरोबर खाऊ माशांची पिलेही असत. आपण काय सोडले हे वर्षभराने कळे.

हे चित्र बदलले ते १० जुलै १९५७ रोजी. त्या दिवशी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी तळ्यातील कार्प माशांना दुसऱ्या माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी सोडवून घेण्यात यश मिळवले. ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनात हौसे यांनी आणि पुढे ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी माशांवर असे प्रयोग केले होते. आपल्याकडे लाहोरला हमीद खान यांनी मृगळावर सस्तन प्राण्याच्या ग्रंथीचा प्रयोग त्याच दशकात करून पाहिला होता. चौधुरींनी माशाला माशाचीच ग्रंथी दिली. मेंदूच्या तळाशी असलेली, ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी ही गाठ. बाजारात कापलेल्या माशांच्या डोक्यांतून ती काढायची, शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि वजन करून वापरायची. प्रयोगशाळेचे एवढे मोठे काम मासळीबाजाराच्या कचऱ्यातून उभे राहिले, हे मला फार विलक्षण वाटते. १० जुलै हा दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आमच्या गावात तो कोणाला ठाऊक नव्हता.

पद्धत साधारण अशी: मादीला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम ग्रंथीची पहिली मात्रा, सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅमची दुसरी. नराला एकच, दुसऱ्या वेळी. एका मादीमागे दोन नर कापडी हाप्यात सोडायचे. चार-सहा तासांत अंडी पडतात. नंतर ग्रंथीची जागा तयार औषधाने घेतली. मेंदू पीयूषिकेला "सोड" असा संदेश एका संप्रेरकाच्या द्वारे देतो, आणि त्याच वेळी डोपामिन नावाचे दुसरे द्रव्य तिला आवरून धरते. कॅनडातील रिचर्ड पीटर आणि चीनमधील लिन हाओरान यांनी दोन्ही बाजूंनी उपाय केला: संदेश देणारे द्रव्य कृत्रिमरीत्या द्यायचे आणि जोडीला डोपामिनचा अडसर दूर करणारे औषध द्यायचे. हे दुसरे औषध म्हणजे डॉम्पेरिडोन, जे ओकारी थांबवण्यासाठी आपल्या दिग्रसच्या औषध दुकानातही मिळते. एकाच टोचणीत काम होते.

अंडी सुमारे सोळा-अठरा तासांत फुटतात. तीन दिवस पिलू पोटाखालच्या पिशवीतील अन्नावर जगते. त्या अवस्थेला आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात आणि जिऱ्याशी त्याचे साम्य पाहिल्यावर हे नाव देणाऱ्याचे कौतुक वाटते. पुढे पंधरा-वीस दिवसांत त्याचे मत्स्यबीज होते आणि दोन-अडीच महिन्यांत बोटाएवढी बोटुकली. जिरे ते बीज या टप्प्यात निम्म्याहून अधिक पिले मरतात. तिसरा हिस्सा वाचला तरी साधारण बरे मानतात.

सायप्रिनसचे गणित वेगळे आहे. हा मासा मूळचा परदेशी. भारतात त्याची जर्मन जात १९३९ साली आणि बँकॉकची जात १९५७ साली आली. त्याला पूर लागत नाही. साचलेल्या पाण्यात पाणवनस्पतीला चिकटणारी अंडी तो घालतो, आणि आपल्या उष्ण हवेत वर्षाच्या आतच वयात येतो. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. खाल्लेले अन्न अंगाला लागण्याऐवजी अंड्यांत जाते. शिवाय तलावातच पिले होऊन गर्दी वाढते. वीतभर मासा लेकुरवाळा झाला की त्याची वाढ खुंटलीच म्हणायची. चिलापीचे असेच. १९५२ मध्ये आलेली मोझांबिकची चिलापी कित्येक तलावांत अशीच बोटभर-वीतभर आकाराची होऊन पसरली.

आता त्या "ना धड कटला, ना धड रोहू" माशाकडे वळू. कटला, रोहू आणि मृगळ या तिघांचीही गुणसूत्रे पन्नास, आणि नाते इतके जवळचे की त्यांचा आपसात संकर होतो. कटला-रोहू संकर मुद्दामही करतात. त्याचे डोके लहान, म्हणून खाण्याचा भाग अधिक. पण घोडा-गाढवाच्या संकराप्रमाणे हा संकर वांझ नसतो. बीज केंद्रात एकाच गोल टाकीत घाईगर्दीने दोन-तीन जातींचे नर-माद्या सोडले तर न मागता संकर होतो, त्यातले काही मासे पुढे प्रजनक म्हणून धरले जातात, आणि पाहता पाहता शुद्ध कटला कोणता आणि रोहू कोणता हे सांगता येईनासे होते. कापसाचे संकरित बियाणे दरवर्षी नवे आणावे लागते हे आपण जाणतो. येथे कोणी पाकिटावर "संकरित" असे छापत नाही, इतकाच फरक.

यानंतरचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. एक किलो वजनाची पक्व रोहू मादी अदमासे दोन लाख अंडी देते. आमच्या संस्थेला एक लाख बोटुकली हवी असेल तर मधली सर्व मर धरूनही पाच-सहा लाख जिऱ्यांत काम भागते. म्हणजे दोन-दोन किलोच्या दोन माद्या पुरेत! गाय एका वेळी एकच वासरू देते, म्हणून गावाला गुरांचा कळप ठेवावाच लागतो आणि न कळत रक्ताची विविधता टिकते. माशाची ही अफाट सुपीकताच बीज उत्पादकाला मोहात पाडते. चार माद्यांत ज्याचे भागते तो चारशे माद्या पोसण्याचा खर्च कशाला करील? अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे वागणे अगदी शहाणपणाचे आहे. तोटा होतो तो दुसऱ्याच्या तलावात, आणि तोही चार-सहा वर्षांनी.

तोटा किती, याचा हिशेब सोपा आहे. नर आणि माद्या यांची संख्या गुणावी, त्याला चाराने गुणावे आणि एकूण प्रजनकांच्या संख्येने भागावे. जी संख्या येते ती त्या कळपाची खरी, परिणामकारक संख्या. तिच्या दुपटीने एकाला भागले की एका पिढीत अंतःप्रजनन किती वाढले ते मिळते. बैठकीत सुचवलेल्या चार माद्या आणि आठ नर यांना हे गणित लावू. बारा मासे दिसतात, पण परिणामकारक संख्या भरते पावणेअकराच्या आसपास, आणि प्रत्येक पिढीला सुमारे पावणेपाच टक्के अंतःप्रजनन वाढते. नर चाळीस केले तरी माद्या चारच असतील तर संख्या साडेचौदाच्या वर जात नाही. एका बाजूची टंचाई दुसऱ्या बाजूच्या विपुलतेने भरून निघत नाही.

पावणेपाच टक्के म्हणजे काय, हे आपल्या नात्यांच्या भाषेत सांगतो. मामेबहिणीशी लग्न झाले तर अपत्याचा हा अंक सव्वासहा टक्के असतो. पैनगंगेपलीकडे तेलंगणात मामा-भाचीचा विवाह होतो, तेथे तो साडेबारा. आमच्या संस्थेने आपल्याच बारा माशांची संतती धरून, पुन्हा त्यातूनच बारा निवडून, असा क्रम चार पिढ्या चालवला तर तो साडेसतरा टक्क्यांपर्यंत जातो. रोहूची पिढी साधारण दोन वर्षांची. म्हणजे आठ वर्षांत. पिलांची मर वाढणे, वाढ मंदावणे, अंगात व्यंग येणे, अंडी कमी फळणे, हे अंतःप्रजननाचे परिणाम माशांत अनेक ठिकाणी दिसून आले आहेत.

हा केवळ कागदी हिशेब नाही. कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास डॉ. एकनाथ आणि कॅनडातील डॉ. डॉईल यांनी केला आणि तो १९८५ व १९९० साली प्रसिद्ध झाला. केंद्रे पिढ्यान् पिढ्या आपलेच मासे प्रजनक म्हणून वापरतात, त्यांची परिणामकारक संख्या फार अल्प असते, आणि अंतःप्रजनन वेगाने वाढते, असे त्यांना आढळले. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म होती. केंद्राचा चालक माशांची निवड करीत नाही असे त्याला वाटत असते, पण तो ती करीतच असतो. चांगला वाढलेला मासा बाजारात विकला जातो. जो उरतो, तो पुढच्या हंगामाचा बाप होतो.

हे वाचले तेव्हा मला आजीची आठवण झाली. खळ्यावर ज्वारीची कणसे आली की मळणीच्या आधी ती सगळ्या ढिगाभोवती फिरे आणि टपोऱ्या दाण्यांची, मान न मोडलेली कणसे वेगळी काढून आढ्याला टांगून ठेवी. घरात पीठ संपले तरी त्या कणसांना हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. शेतकऱ्याने पिकाच्या बाबतीत हजारो वर्षे जे केले, त्याच्या बरोबर उलट आम्ही माशाच्या बाबतीत करतो. उत्तम ते विकतो आणि निकृष्ट ते पेरतो. आमच्या उभ्या जाळ्यांचेही तसेच. आस मोठे असल्याने लवकर वाढणारा मासा आधी अडकतो आणि खुजा त्यातून निसटतो. भोई म्हणून हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण जे आहे ते आहे.

हीच निवड सुलट दिशेने केली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत घडले. नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी ग्येद्रेम यांनी देशातील कित्येक नद्यांतले सामन मासे एकत्र करून निवडीचा कार्यक्रम सुरू केला होता. त्याच देशातील संस्थेच्या साहाय्याने येथे १९९२ मध्ये रोहूवर काम सुरू झाले. गंगा, गोमती, यमुना, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतून रोहू आणले, त्यांत स्थानिक शेततळ्यांतील रोहू मिसळले. पाया असा रुंद ठेवणे हेच खरे मर्म. प्रत्येक कुटुंबाची पिले आरंभी वेगळी वाढवायची, खूण म्हणून अंगात बारीक चकती बसवायची, मग सर्वांना एकाच तळ्यात सोडायचे आणि कोणत्या कुटुंबाची वाढ अधिक होते ते मोजायचे. तळे एकच असल्याने पाण्याचा दोष किंवा गुण सर्वांना सारखा. जो फरक उरतो त्यात रक्ताचा वाटा किती हे काढता येते. आमच्या बैठकीतला वाद मिटवण्याचा हा एकमेव प्रामाणिक मार्ग होता, असे मला आता वाटते. या निवडीतून दर पिढीला सरासरी सतरा टक्के वाढ साधली. हा वेग कायम राहिला तर पाच पिढ्यांत वाढ दुपटीच्या वर जाते. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, हा रोहू "जयंती" या नावाने बाहेर आला. वर ज्यांचा उल्लेख आला ते डॉ. एकनाथ पुढे फिलिपाइन्समध्ये चिलापीच्या अशाच मोठ्या कार्यक्रमात होते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या त्या कामासाठी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथून मूळ मासे आणले होते.

महाराष्ट्रानेही या क्षेत्रात एक मोठे काम केले आहे, मात्र ते खाण्याच्या माशासाठी नव्हे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या सुमारास महासीर माशाचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या जातीला शास्त्रीय नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये "खुद्री" असे दिले; दख्खनच्या अनेक माशांना त्यांनी येथल्या बोलीतली नावे लॅटिनच्या शेजारी बसवून दिली, हा भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखा भाग. दुर्मिळ होत चाललेला मासा या केंद्रामुळे लाखांनी तयार झाला आणि अनेक नद्यांत सोडला गेला. पण कावेरीत तो पोचला तेथे मूळचा, पाठीवर मदार असलेला महासीर होता. त्याची संख्या घटत गेली आणि बाहेरून आलेला भाऊबंद हे त्याचे एक कारण असावे असे संशोधक मानतात. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये नीट पटली, तोपर्यंत तो नष्ट होण्याच्या काठावर आला होता. चांगल्या हेतूने सोडलेले बीजसुद्धा कोठे सोडतो हे पाहून सोडावे लागते. आमच्या अरुणावतीचे पाणीही शेवटी पैनगंगेला आणि पुढे वर्धा-प्राणहितेच्या वाटेने गोदावरीला मिळते. तलावाचा सांडवा वाहिला की आमचा मासा आमचा राहत नाही. असो.

हे सर्व मी संस्थेच्या पुढच्या बैठकीत सांगितले. मामेबहिणीच्या उदाहरणावर हशा पिकला, आणि ज्यांच्या घरी तसे लग्न झाले आहे ते थोडे रुसले. मूळ सूचना मांडणारे आजोबा म्हणाले, "मंग काय जलमभर दुसऱ्याच्याच दारी उभं राहाचं?" त्यांचा राग मला समजतो. दूरच्या जिल्ह्यातून रात्रभर गाडीत आलेल्या प्राणवायूच्या पिशव्या सकाळी उघडल्या की वर तरंगणारा पांढरा थर मीही पाहिला आहे. मेलेल्या बिजाचे पैसे कोणी परत देत नाही, आणि जिवंत बीज कोणत्या आईबापाचे हे विचारले तर विकणारा आपल्याकडे वेड्यासारखे पाहतो. स्वतःचे बीज असावे ही इच्छा चुकीची नाही. बारा मासे चुकीचे आहेत.

बराच खल होऊन एक मधला मार्ग निघाला. एकट्या संस्थेला पन्नास माद्या आणि पन्नास नर पोसणे शक्य नाही. शंभरच्या परिणामकारक संख्येला अंतःप्रजनन दर पिढीस अर्धाच टक्का वाढते, पण तेवढे तळे आणि तेवढे खाद्य आमच्याकडे नाही. मात्र आसपासच्या चार-पाच संस्थांनी प्रत्येकी थोडे प्रजनक ठेवले आणि गावोगावचा वळू जसा पूर्वी अदलाबदलीने फिरे तसे नर एकमेकांना दिले, तर आकडा बराच वर जातो. सुरुवातीचे मासे आमच्या तलावातले नकोत, वंशावळ ठेवणाऱ्या केंद्रातून आणलेले हवेत, आणि कटला, रोहू, मृगळ यांची टाकी व दिवस वेगळे हवेत, हेही ठरले. शेजारच्या दोन संस्थांनी होकार दिला आहे. एकीने उत्तर दिलेले नाही. खर्चाचा तक्ता मी तयार केला असून त्यातला सर्वांत मोठा आकडा उन्हाळ्यात प्रजनकांच्या तळ्यात पाणी टिकवण्याचा आहे, औषधाचा नाही.

काकांनी मात्र केंद्रातून मासे येण्याची वाट पाहिली नाही. मोठा मासा हा चांगल्या रक्ताचाच असेल असे नाही, तो नुसता वयाने जुनाही असू शकतो, खवल्यावरची वलये मोजल्याशिवाय सांगता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले. गेल्या महिन्यात जाळ्यात एक भक्कम कटला आला, सव्वातीन किलोचा. व्यापारी पहाटेच काठावर आला होता. त्याने तो काट्यावर चढवला आणि भाव सांगितला. काकांनी दोन खवले काढून माझ्या हातावर ठेवले, मासा कल्ल्याखाली धरून कमरेइतक्या पाण्यात नेला आणि सोडून दिला. व्यापारी काही बोलला नाही. त्याने काटा पुसला आणि पुढची टोपली ओढली.